गाडीच्या एसीत गॅस भरायचं बिल इथवर कसं आलं

उन्हाळा लागला की एसीच्या गॅरेजवर गाड्यांची रांग लागते आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, गॅस भरायचे किती घेणार. छोट्या हॅचबॅकला पुण्या-मुंबईकडे आज साधारण दीड ते अडीच हजार सांगतात, मोठी गाडी असेल, मागच्या सीटला वेगळा एसी असेल तर त्याहून जास्त. लोकांना वाटतं हा सगळा गॅसचाच भाव, पण छोट्या गाडीत गॅस बसतो जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम. मग बाकीचे पैसे कशाचे, आणि त्या गॅसचा भावही सारखा का बदलतो, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

१९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथाइल क्लोराइड भरायचे. घरात पाइप फुटला तर जिवावर बेतायचं, त्यामुळे बिनविषारी आणि न पेटणारा गॅस हवा होता. जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये तो शोधला, आणि १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीपुढे मिजलीने तो गॅस छातीभर ओढून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली, म्हणजे विषारीही नाही आणि ज्वलनशीलही नाही. हाच फ्रीऑन, आपल्या मेकॅनिक लोकांचा आर-१२. (मिथाइल क्लोराइड तेवढं लक्षात ठेवा, ते पुढे परत येतं.)

गाडीत एसी आला तो अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीच्या १९४० च्या मॉडेलमध्ये. किंमत २७४ डॉलर, अर्धी यंत्रणा डिकीत, आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता म्हणून एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून हाताने बेल्ट काढायचा. अर्थातच फारसा खपला नाही.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी पद्मिनी बहुतेकांच्या घरी बिनएसीचीच असायची, ज्यांना परवडायचं ते बाहेरून डॅशबोर्डखाली युनिट बसवून घ्यायचे. १९८३ ला मारुती आली, १९८५ ला सुझुकी आणि डेन्सोच्या भागीदारीत सुब्रोस कंपनी निघाली आणि गाडीचे एसी इथेच मोठ्या संख्येने बनायला लागले. आर-१२ पण देशातच तयार व्हायचा. स्वस्त होता, सहज मिळायचा, म्हणून कूलिंग कमी झालं की गॅस मारून घ्या ही पद्धत पडली. माझं स्पष्ट मत आहे की आजही आपला सगळ्यात जास्त पैसा याच सवयीपायी जातो.

कारण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की प्रेशर पडतं, आणि कूलिंग कॉइलमध्ये उकळता उकळता केबिनमधली उष्णता ओढून घेतो, परत कॉम्प्रेसरकडे. बंद चक्र आहे. वर्षानुवर्षं रबरी होजमधून, सीलमधून थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी लिकेज आहेच, आणि गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइलही जातंय.

आता इतिहासाचं मोठं वळण. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी मांडलं की आर-१२ सारखे क्लोरीन असलेले सीएफसी गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातात, तेव्हा कंपन्यांनी खूप विरोध केला, पण १९८५ ला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र दाखवलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला हे गॅस हळूहळू बंद करायचा मॉन्ट्रियल करार झाला. भारताने लगेच सही केली नाही. १९९० च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधींनी भूमिका घेतली की थर श्रीमंत देशांनी खराब केला, तर पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्चही त्यांनी उचलावा, आणि त्याच बैठकीत विकसनशील देशांसाठी निधी ठरला. १९९२ मध्ये भारत करारात आला. पुढे गरीब देशांना हे बदल करायला मदत करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ओझोनअ‍ॅक्शन विभागाचं काम राजेंद्र शेंडे या मराठी माणसाने कित्येक वर्षं सांभाळलं, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं.

अमेरिकेत १९९० पासून आर-१२ वर पाउंडामागे १.३७ डॉलर कर बसला, तो १९९५ पर्यंत ५.३५ झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी उत्पादनच बंद. रस्त्यावर जुन्या गाड्या मात्र लाखोंनी होत्या, त्यामुळे मायामी बंदरातून या गॅसची जोरात तस्करी व्हायला लागली. भारतात २००० मध्ये नियम आले, २००३ पासून नव्या एसीत सीएफसी वापरायला बंदी, आणि २००८ मध्ये ठरलेल्या मुदतीच्या आधीच उत्पादन थांबवलं.

त्याच्या जागी आला आर-१३४ए, आणि बिल वाढायला खरी सुरुवात इथून झाली. याला जुनं मिनरल ऑइल चालत नाही, पीएजी नावाचं कृत्रिम ऑइल लागतं. ओल शोषणारा ड्रायर वेगळा, जॉइंटच्या रबरी ओ-रिंग वेगळ्या, गॅस भरायचे कपलर वेगळे. जुनी गाडी नव्या गॅसवर आणायची तर आतली साफसफाई करून हे सगळं बदलायचं, आणि कितीतरी जणांनी तो खर्च वाचवायला नुसताच गॅस बदलला आणि मग कॉम्प्रेसर गमावला.

स्वस्ताईचा त्याहून वाईट परिणाम २०११ मध्ये दिसला. जहाजावरच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरमध्ये आर-१३४ए म्हणून भेसळीचा गॅस भरला गेला, आत होतं तेच मिथाइल क्लोराइड, ज्याच्यापासून सुटका करून घ्यायला आर-१२ शोधला होता! त्याची अ‍ॅल्युमिनियमशी रिअ‍ॅक्शन होऊन हवा लागताच पेटणारं रसायन बनतं, कंटेनर फुटले आणि तीन कामगार गेले. गाडीचे कंडेन्सर आणि कॉइल अ‍ॅल्युमिनियमचेच असतात, म्हणून बिननावाचा फार स्वस्त कॅन दिसला की मला भीती वाटते.

आता बिलात नक्की काय असतं ते. चांगला मेकॅनिक आधी लिकेज शोधतो, नायट्रोजनचं प्रेशर देऊन जॉइंटला साबणाचा फेस लावतो किंवा चमकणारा रंग (डाय) टाकून निळ्या लाइटखाली बघतो, मग अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारतो म्हणजे आतली हवा आणि ओल निघते, नाहीतर ती ओल व्हॉल्व्हमध्ये गोठते आणि आत अ‍ॅसिड तयार होतं. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये, काट्यावर मोजून गॅस. नुसत्या प्रेशर गेजवरून गॅस किती आहे हे कळत नाही, घरच्या सिलिंडरसारखंच, आत द्रव आहे तोवर प्रेशर जवळपास सारखंच दाखवतं. दहा मिनिटांत पाचशे-सातशेत टॉप-अप करून देणारा यातलं काहीच करत नाही, त्याचा दर कमी दिसतो तो म्हणून. आणि लिकेज कूलिंग कॉइलला निघालं तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तिथे मजुरीच गॅसच्या कितीतरी पट होते. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने कंडेन्सर लवकर सडतात, तो खर्च वेगळा.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १४३० पट तापमान वाढवतो. म्हणून युरोपात २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांत तो बंद झाला आणि आर-१२३४वायएफ आला. हा पर्यावरणाला खूपच बरा, पण पेटंटं मोजक्या कंपन्यांकडे, त्यामुळे आर-१३४ए च्या कितीतरी पट महाग, शिवाय हलकासा ज्वलनशील, म्हणजे गॅस भरायचं मशीन पण वेगळं. २०१२ मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या डेम्लरने आपल्या चाचणीत तो पेटल्याचं सांगितल्यावर जर्मनीत मोठा वाद झाला होता. इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक भर, बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीही याच गॅसने थंड होते आणि कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजचा असतो, त्यात चुकून पीएजी ऑइल गेलं तर इन्सुलेशन खराब होतं, वेगळं पीओई ऑइल लागतं, म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजला तो एसी उघडायला देऊ नका.

आपल्याकडे बहुतेक गाड्या अजून आर-१३४ए वरच आहेत. मॉन्ट्रियल करारात तापमान वाढवणाऱ्या गॅसची भर घालणाऱ्या २०१६ च्या किगाली करारानुसार भारत आर-१३४ए सारख्या गॅसचा एकूण वापर २०२८ मध्ये गोठवणार, २०३२ ला पहिली १० टक्के कपात, आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. युरोपात अशा गॅसचा ठरवून दिलेला कोटा आवळल्यावर २०१७-१८ मध्ये आर-१३४ए चे भाव भडकले होते आणि पाठोपाठ चोरटा मालही आला होता. आज शोरूममधून निघालेली गाडी २०३२ मध्ये रस्त्यावरच असणार, तिला तेव्हाही हाच गॅस लागणार.