सेफ्टी असूनही पिस्तूल का सुटते?

ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईत एका चित्रपट अभिनेत्याच्या हातून परवान्याचे रिव्हॉल्व्हर पडले आणि गोळी त्याच्या पायाला लागली, अशी बातमी आली, तेव्हा ‘नुसते पडून शस्त्र कसे उडेल?’ असे अनेकांनी विचारले. रिव्हॉल्व्हरची रचना निराळी असते. परंतु सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलापुरते उत्तर शालेय पुस्तकातील जडत्वाच्या नियमात सापडते.

‘1911’ या जुन्या मॉडेलच्या पद्धतीच्या पिस्तुलात फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी सुई) एका लहान स्प्रिंगने मागे धरलेली असते. पिस्तूल नळीच्या तोंडावर पडले, तर स्लाइड (वरचा सरकता भाग) जमिनीवर थांबते, पिन मात्र पुढे जातच राहते आणि स्प्रिंग थकलेली असेल तर काडतुसाच्या प्रायमरवर (आघाताने पेटणाऱ्या बुडाच्या टोपीवर) आदळू शकते. अंगठ्याने लावायची सेफ्टी येथे उपयोगी पडत नाही, कारण ती हॅमर (पिनवर आपटणारा हातोडा) अडवते, पिनला नव्हे. म्हणून पुढे अनेक पिस्तुलांत पिनच्या वाटेत एक छोटा खटका बसवला गेला, जो ट्रिगर पूर्ण दाबल्यावरच बाजूला होतो.

एवढ्याने प्रश्न मिटायला हवा होता. तथापि 2017 साली, सिग साउअर कंपनीच्या ज्या पी320 पिस्तुलावर आधारित पिस्तूल अमेरिकी लष्कराने नुकतेच निवडले होते, ते पी320 मागच्या बाजूवर विशिष्ट कोनात पडल्यास सुटते, असे चाचण्यांत दिसले. खटका होता, पण पिस्तूल थांबले तरी ट्रिगर स्वतःच्या वजनामुळे मागे सरकत राहिला आणि त्यानेच खटका रीतसर बाजूला केला. ट्रिगर बोटाने ओढला की जडत्वाने, हे खटक्याला कळण्याची सोय नसते.

हिशेब करून पाहू. 1.2 मीटरवरून पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे 4.8 मीटर होतो. समजा, ट्रिगर 5 ग्रॅमचा आहे. त्याची गतिज ऊर्जा साधारण 0.06 ज्यूल. ट्रिगरच्या स्प्रिंगचा सरासरी रोध 10 न्यूटन आणि सरकण्याचे अंतर 5 मिलिमीटर धरले, तर तो अडवायला स्प्रिंगजवळ 0.05 ज्यूलच आहेत. ट्रिगर 3 ग्रॅमचा केला की ऊर्जा 0.035 ज्यूलवर येते आणि स्प्रिंग जिंकते. आकडे उदाहरणादाखल असले तरी कंपनीने ऑगस्ट 2017 मध्ये जाहीर केलेल्या सुधारणेत ट्रिगरसह काही भाग हलके करण्याचाच मार्ग होता. बोटाला ट्रिगर हलका लागावा म्हणून स्प्रिंगा बदलणाऱ्या हौशी मंडळींनी हे गणित जरूर करावे. दसऱ्याला शस्त्रावर झेंडू वाहिल्याने स्प्रिंगचा गेलेला ताण परत येत नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने या खटक्याचा एक दोष फार फसवा आहे. जुने तेल आणि काडतुसातील न जळलेली दारू यांचा चिकट थर साचून खटका अडवलेल्या स्थितीत अडकला, तर पिस्तूल चालत नाही आणि बिघाड लगेच कळतो. तोच खटका उघड्या स्थितीत अडकला, तर पिस्तूल अगदी सुरळीत चालते, मात्र पडल्यावरचे संरक्षण गेलेले असते. त्यामुळे शस्त्र दुरुस्त करणारा आर्मरर मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून, चेंबर (नळीतील काडतुसाची जागा) रिकामे असल्याची खात्री करून स्लाइड उतरवतो आणि खटका न दाबता पिन मागून पुढे ढकलून पाहतो; काडतूस टेकते त्या पृष्ठभागातून पिनचे टोक बाहेर डोकावले, तर ते पिस्तूल दुरुस्तीसाठी बाजूला काढले जाते.