गेम स्टुडिओ कोणता घ्यावा? पुण्यातून दिसणारी पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन या गेम कंपनीने नॉटिलस मोबाइल या स्टुडिओत नियंत्रणाइतका हिस्सा घेतला, सुमारे १.४ कोटी डॉलरना. 'रिअल क्रिकेट' हा मोबाइलवरचा खेळ यांचाच. त्याआधी हा स्टुडिओ पुण्याच्या जेटसिंथेसिस या कंपनीच्या छत्राखाली होता. क्राफ्टनने २०२२ मध्येच त्यात ५४ लाख डॉलर गुंतवून ठेवले होते.

मी पुण्यात सीए आहे. छोट्या सॉफ्टवेअर आणि गेम कंपन्या विकल्या जातात तेव्हा त्यांचे कागद तपासणं, म्हणजे ड्यू डिलिजन्स, ज्याला आमच्याकडे सगळे डीडीच म्हणतात, हे माझं काम. ही बातमी वाचताना माझं लक्ष रकमेपेक्षा २०२२ ते २०२५ या मधल्या तीन वर्षांकडे गेलं. थोडे पैसे घालायचे, जवळ बसून कामाची पद्धत पाहायची आणि मग पुढचं पाऊल टाकायचं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. प्रकाशकाने, म्हणजे खेळांना पैसा पुरवून ते बाजारात आणणाऱ्या कंपनीने, कोणता स्टुडिओ घ्यावा यावर चर्चा होते तेव्हा बहुतेक जण खेळांची नावं मोजतात. या धंद्याचा इतिहास पाहिला तर नावं मोजून घेतलेले स्टुडिओच जास्त वेळा हातातून निसटलेले दिसतात.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९७० च्या दशकात अटारी यंत्रही बनवायची आणि त्यावरचे खेळही. खेळ लिहिणारा पगारी नोकर होता आणि त्याचं नाव डब्यावर छापलं जात नसे. या वागणुकीला कंटाळून डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅपलन हे चार प्रोग्रामर बाहेर पडले. १९७९ मध्ये त्यांनी जिम लेव्ही यांच्याबरोबर अॅक्टिव्हिजन सुरू केली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ बनवणारी ही पहिली कंपनी, आणि तिने खेळ रचणाऱ्याचं नाव ठळकपणे पुढे आणलं. खेळ बनवणारे वेगळे झाले, म्हणूनच पुढे त्यांना विकत घेण्याची गोष्ट शक्य झाली. याच अॅक्टिव्हिजनचं नाव लावणारी अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. या सगळ्याचं मूळ मात्र डब्यावर नाव हवं या मागणीत आहे.

१९८२ मध्ये ट्रिप हॉकिन्स यांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, काढली तीही खेळ रचणारे कलाकार आहेत असं सांगत. गाण्यांच्या तबकडीसारखी वेष्टणं आणि त्यांवर रचनाकारांची नावं, असा तो काळ होता. नव्वदच्या दशकात त्याच ईएने स्टुडिओ विकत घ्यायचा सपाटा लावला: १९९२ मध्ये ओरिजिन, १९९५ मध्ये बुलफ्रॉग, १९९७ मध्ये मॅक्सिस, १९९८ मध्ये वेस्टवुड. यातले बहुतेक पुढे मिटले. बुलफ्रॉगचे पीटर मॉलिन्यू १९९७ मध्ये बाहेर पडले. वेस्टवुड २००३ मध्ये बंद झाला, ओरिजिन २००४ मध्ये.

पण मोठ्या मालकाने गिळलं आणि संपवलं, एवढंच म्हणून या यादीवर पडदा टाकू नये. मॅक्सिसचं उदाहरण वेगळं आहे. मॅक्सिसचे सहसंस्थापक विल राइट यांच्या डोक्यात घरातल्या माणसांचं रोजचं आयुष्य चालवण्याचा एक खेळ होता, आणि खुद्द मॅक्सिसच्या वरिष्ठांना त्यात काही दम वाटत नव्हता. ईएने त्याला हात दिला. २००० मध्ये 'द सिम्स' आला आणि संगणकावरच्या सर्वाधिक खपणाऱ्या खेळांत जाऊन बसला. ईएने पैसे मोजले ते 'सिमसिटी' या मॅक्सिसच्या आधीच्या खेळाच्या नावाकडे बघून, आणि खरा लाभ झाला तो ताळेबंदात कुठेच नसलेल्या एका माणसाच्या कल्पनेतून. स्टुडिओचे कागद तपासताना मला ही गोष्ट नेहमी आठवते, कारण आम्ही जे मोजतो ते सगळं झालेलं असतं.

याच्या उलट रेअरची गोष्ट. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा इंग्लंडमधला स्टुडिओ ३७.५ कोटी डॉलरना घेतला. रेअरचं नाव झालं होतं ते निन्टेन्डोच्या यंत्रांवरच्या खेळांनी. पण त्यातलं डाँकी काँग हे पात्र निन्टेन्डोचं, ते तिथेच राहिलं. रेअरचा 'गोल्डनआय' हा खेळ बनवणाऱ्यांपैकी मोलाचे लोक तर १९९९ मध्येच निघून फ्री रॅडिकल डिझाइन हा वेगळा स्टुडिओ थाटून बसले होते. गाजलेलं पात्र दुसऱ्याचं आणि मोलाची माणसं गेलेली, मग ३७.५ कोटीत नेमकं काय मिळालं? ज्या दोन रकान्यांमध्ये मी आजही सर्वात जास्त वेळ घालवतो ते हेच: हक्क कोणाच्या नावावर आहेत, आणि काम केलेली माणसं अजून खुर्चीवर आहेत का.

सोनीने हे बरंच आधी ओळखलं असावं. नॉटी डॉगने 'क्रॅश बँडिकूट' हा खेळ सोनीच्या प्लेस्टेशन या यंत्रासाठी केला १९९६ मध्ये आणि सोनीने तो स्टुडिओ घेतला २००१ मध्ये. इन्सोम्नियाकने तर १९९८ च्या 'स्पायरो'पासून २०१८ च्या 'स्पायडर-मॅन'पर्यंत दोन दशकं प्लेस्टेशनसाठी खेळ बनवले, आणि मग २०१९ मध्ये २२.९ कोटी डॉलरना व्यवहार झाला. आजच्या मानाने हा भाव कमीच म्हणायचा. तारीख चुकली तर ही मंडळी कशी वागतात, भांडण झालं तर फोन कोण उचलतं, हे सगळं आधीच माहीत होतं. असा व्यवहार फसण्याची भीती कमी असते. घाईचा व्यवहार कसा असतो ते झिंगा या गेम कंपनीने दाखवलं. मार्च २०१२ मध्ये तिने ओएमजीपॉप सुमारे १८ कोटी डॉलरना घेतली, कारण 'ड्रॉ समथिंग' नावाचा चित्रं काढून ओळखायचा खेळ त्या आठवड्यांत प्रत्येकाच्या फोनवर होता. लोकांचा उत्साह ओसरला आणि जून २०१३ मध्ये ते ऑफिस बंद झालं.

माणसं हाच ऐवज आहे हे आकड्यांत उघडपणे लिहिलं गेलं ते २०२२ मध्ये. सोनीने बंजी हा स्टुडिओ ३.६ अब्ज डॉलरना घेतला आणि त्यातले १.२ अब्ज, म्हणजे एक तृतीयांश, कर्मचारी टिकवण्यासाठी बाजूला ठेवले.

त्याच सुमारास स्वीडनची एम्ब्रेसर दिसेल तो स्टुडिओ घेत सुटली होती. तिच्यापर्यंत पोहोचलेल्या व्होलिशन या अमेरिकी स्टुडिओची कहाणी मला सर्वात जास्त अस्वस्थ करते. १९९३ मध्ये स्थापना. २००० मध्ये टीएचक्यू या प्रकाशकाने घेतला. टीएचक्यूचं दिवाळं निघाल्यावर जानेवारी २०१३ च्या लिलावात कोख मीडियाने २.२३ कोटी डॉलरना उचलला. २०१८ मध्ये कोख मीडियालाच पुढे एम्ब्रेसर झालेल्या कंपनीने घेतलं. मे २०२३ मध्ये एम्ब्रेसरला मिळू घातलेला २ अब्ज डॉलरचा करार फिसकटला, काटछाट सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तीस वर्षांचा हा स्टुडिओ बंद. गिअरबॉक्स हा आणखी एक स्टुडिओ एम्ब्रेसरने २०२१ मध्ये १.३ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकेल अशा सौद्यात घेतला होता; २०२४ मध्ये तो टेक-टू या कंपनीला ४६ कोटी डॉलरना दिला. विकत घेणाऱ्याचा पैसा कुठून येतो, हेही विकणाऱ्याने तपासावं असं मी अशिलांना कळकळीने सांगतो. बहुतेक जण विचारायलाच संकोचतात.

भारतात याचा अनुभव बंगळुरूच्या ध्रुवाने घेतला. राजेश राव यांनी १९९७ मध्ये उभा केलेला हा स्टुडिओ परदेशी खेळांसाठी चित्रकाम करायचा. २०१७ मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझने त्यात बहुसंख्य हिस्सा घेतला, पुढच्याच वर्षी स्टारब्रीझ पैशाच्या संकटात सापडली, आणि २०१९ मध्ये तिने आपला हिस्सा ७९ लाख डॉलरना रॉकस्टार या गेम कंपनीला विकला. ध्रुवाचं काम कुठे बिघडलं नव्हतं. मालकाचा हात अडकला म्हणून तो स्टुडिओ विकला गेला.

पुण्यात हे वारं २००८ मध्ये आलं. गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ युबिसॉफ्टने घेतला. दोन्ही कंपन्या तेव्हा फ्रान्सच्या गिलेमो भावंडांच्या: युबिसॉफ्ट पाच भावांनी १९८६ मध्ये काढली, आणि गेमलॉफ्ट त्यांच्यातल्या मिशेल यांची. म्हणजे सौदा घरातल्या घरातच. पण शहरासाठी तो मोठा होता, कारण मोबाइलवरच्या कामाऐवजी कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांच्या, कामाची सवय इथल्या मुलांना लागली. आधी चाचणी, मग दुसऱ्यांच्या खेळांना हातभार, अशी पायरी चढत २०२० मध्ये पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चं पुनर्निर्माण आलं. पहिल्या झलकेवर जगभरातून टीका झाली, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं. त्या आठवड्यात बाणेरच्या टपरीवर चहा घेताना या क्षेत्रातली ओळखीची मुलं गप्प होती. माझं मत मी तेव्हाही सांगितलं होतं: बारा-चौदा वर्षं हातभाराचं काम केलेल्या टीमला पहिलीच संधी एवढ्या लाडक्या खेळाची द्यायची, तर तिला चुकायला जागाही ठेवायला हवी होती.

याच शहरातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने लोकांकडून पैसे उभे करण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये फसल्यानंतरही 'राजी' हा खेळ पूर्ण केला आणि तो २०२० मध्ये बाहेर आला. सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. आपली पात्रं, आपली जागा, आणि हक्कही आपल्याच नावावर, असे स्टुडिओ आता पुण्यात आहेत. म्हणून हा प्रश्न इथल्या माणसांनी दोन्ही बाजूंनी समजून घ्यायची वेळ आली आहे.

क्राफ्टनचंच पाहा. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये बंद करायला काढलेला जपानचा टँगो गेमवर्क्स तिने ऑगस्टमध्ये उचलून घेतला, त्याच्या 'हाय-फाय रश' या खेळाच्या हक्कांसकट. माणसं विखुरण्याआधी गोळा केली, हे फार चांगलं काम. पण याच क्राफ्टनने २०२१ मध्ये अननोन वर्ल्ड्स हा स्टुडिओ ५० कोटी डॉलर रोख आणि कामगिरीनुसार आणखी २५ कोटींपर्यंत, अशा बोलीवर घेतला होता. जुलै २०२५ मध्ये त्या स्टुडिओच्या प्रमुखांना बाजूला केलं गेलं आणि वाद अमेरिकेत डेलावेअरच्या कोर्टात गेला. अर्न-आउट, म्हणजे पुढच्या कमाईवर अवलंबून ठेवलेले पैसे, हा माझ्या टेबलावर येणाऱ्या करारांतला सर्वात तापणारा भाग असतो. खेळ बाजारात कधी आणायचा हे मालक ठरवणार आणि त्या तारखेवर विकणाऱ्याचे पैसे ठरणार, असं कलम असेल तर मी अशिलाला सही करू देत नाही.

काही वर्षांपूर्वीचं एक प्रकरण. कर्वे रोडच्या मागे दोन खोल्यांचं ऑफिस, तीन संस्थापक, एक चालणारा खेळ, आणि परदेशी खरेदीदार. जमाखर्च स्वच्छ होता. अडलं ते संगीतापाशी. फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दिवसांतल्या संस्थापकांच्या एका मित्राने नारायण पेठेतल्या घरी तबला आणि सरोद ध्वनिमुद्रित करून दिलं होतं, कंपनी नोंदवली जाण्याच्याही आधी, एक पैसा न घेता. कागद नव्हता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. मित्राने असं करून दिलेलं त्याचंच राहतं, जोवर लेखी हस्तांतरण होत नाही. आणि त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. इथे खेळ तर चाळीसेक देशांत चालू होता. खरेदीदाराच्या वकिलांनी व्यवहार थांबवला.

आम्ही लेख तयार केला: कॉपीराइटची पूर्ण मुदत, संपूर्ण जग. तो मित्र एका संध्याकाळी ऑफिसात आला. सगळा सौदा त्याच्या एका सहीवर अडलाय हे त्याला ठाऊक होतं. संस्थापकांनी स्वतःहून त्याला योग्य रक्कम देऊ केली होती, ती त्याने घासाघीस न करता घेतली. मग त्याने मला विचारलं, खेळ दुसऱ्याचा झाल्यावर श्रेयनामावलीत माझं नाव राहील ना? मी त्याला कलम ५७ उघडून दाखवलं. हक्क विकले तरी हे काम माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो, असं त्यात आहे. तरीही लेखात तसं एक वेगळं वाक्य घालायला लावून, आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोनदा तपासून, त्याने सही केली.