रोमन चांदीच्या नाण्यांवरचे देव

रोमचे ‘देनारियस’ हे चांदीचे नाणे इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना निघाले. वजन जेमतेम साडेचार ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला घोडे दौडवणारे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ. ऐन रणात हे दोघे रोमनांच्या मदतीला धावून येतात अशी श्रद्धा होती. शत्रू इटलीत ठाण मांडून बसलेला असताना नाण्यावर तेच यावेत, हे साहजिकच.

पुढे चित्र पालटले. टांकसाळीचे काम तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. राजकारणात नाव कमवायला निघालेली ही मंडळी आपल्या कुळाचे देव आणि पूर्वजांचे पराक्रम नाण्यांवर आणू लागली. साऱ्या नगराचे दैवत मागे सरले, ते इथेच.

ज्युलियस सीझरचे इ.स.पू. ४९ च्या सुमाराचे हत्तीछाप नाणे मला या साऱ्या इतिहासाचा कळस वाटते. हत्ती पायाखाली साप तुडवतो आहे, खाली सीझरचे नाव. उलट बाजूला देव नाहीच, आहे ते पूजेचे साहित्य: लांब दांड्याची पळी, पाणी शिंपडायचा कुंचला, बळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोपी. सीझर इ.स.पू. ६३ पासून रोमचा मुख्य पुरोहित होता. यादवी युद्धात सिनेटने त्याला शत्रू ठरवले, तेव्हा धर्माचा अधिकार आपल्याच हाती आहे, हे त्याने हातोहात फिरणाऱ्या चांदीवर ठसवले. इ.स.पू. ४४ मध्ये तर जिवंतपणीच त्याचा चेहरा नाण्यावर आला. मागे व्हीनस, त्याच्या कुळाची आदिमाता. सीझरचा वारस आणि रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या नाण्यांवर, सीझरच्या मृत्यूनंतर दिसलेला आणि त्याचाच आत्मा मानला गेलेला धूमकेतू झळकला आणि भोवती ‘दैवी ज्युलियस’ ही अक्षरे. आता शासकच देव झाला होता.

ऑगस्टसने आपल्या दत्तक घेतलेल्या नातवांची, गायस आणि लुसियस यांची, नाणी काढली. ढाली-भाल्यांच्या वर तीच पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी. ही आणि पुढचा सम्राट टायबेरियस याची नाणी दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या परिसरात, मोठ्या संख्येने सापडली आहेत. इथे त्यांच्या नकलाही निघाल्या. त्यांवरची लॅटिन अक्षरे कित्येकदा पार बिघडलेली असतात. सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये नाण्यातली चांदी घटवली. त्यानंतरची चांदीची नाणी आपल्याकडे फारच थोडी मिळतात.