कोल्ड कॉलिंग

कोल्ड कॉलिंग म्हणजे आधीची ओळख, चौकशी किंवा शिफारस नसताना संभाव्य ग्राहकाशी विक्रीसाठी आपणहून संपर्क साधणे. आज हे मुख्यतः फोनवरून होते. दार वाजवून घेतलेली पहिली भेटही यातच मोडते. विमा, कर्ज, सॉफ्टवेअर, कारखान्यांना लागणारा माल अशा व्यवसायांत नवा ग्राहक बऱ्याचदा असाच मिळतो. मालाची बारकाईने माहिती असलेली, एरवी मोकळेपणी बोलणारी माणसेही अनोळखी नंबर लावताना अडतात. त्यामुळे बोलण्याच्या कौशल्याआधी भीतीचा विचार करणे भाग आहे.

विक्रीचे बोलणे लिहून पाठ करून घेण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. ओहायो राज्यातील डेटन येथे गल्ल्याचा हिशेब ठेवणारी यंत्रे विकणाऱ्या, जॉन पॅटरसन यांच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १८८७ मध्ये विक्रेत्यांसाठी ‘प्रायमर’ नावाची पुस्तिका काढली. दुकानदाराशी काय बोलायचे, कोणत्या वाक्याला यंत्राच्या कोणत्या भागाकडे बोट दाखवायचे, हे सगळे तीत होते आणि ते पाठ करणे सक्तीचे होते. हिशेब ठेवणारे हे यंत्र दुकानातल्या नोकरांना आपल्यावरचा संशय वाटे, त्यामुळे विक्रेत्याला विरोध होई. आजच्या कॉल सेंटरमधली स्क्रिप्ट त्याच परंपरेतली आहे. भारतात घरोघरची विक्री परिचयाची झाली ती विमा एजंटांमुळे आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांमुळे. जिने चढून व्हॅक्यूम क्लीनर आणि पुढे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवणारे हे टायवाले तरुण शहरी मध्यमवर्गाला चांगलेच आठवतात. त्यांना भेटलेली बंद दारे कुणी मोजलेली नाहीत.

भीती नेमकी कशाची असते? ‘नको’ या शब्दाची क्वचितच. समोरचा हिडीसफिडीस करेल, शेजारच्या टेबलावरचे ऐकतील, आपण कुणाच्या तरी कामात लुडबुड करतोय, असे विचार मनात आधीच फिरत असतात. मग चालढकल सुरू होते. यादी पुन्हा एकदा लावली जाते, कंपनीची वेबसाइट तिसऱ्यांदा वाचली जाते, ‘आता जेवायची वेळ असेल’ म्हणून तासभर निघून जातो. हे सगळे कामच वाटते, पण ती टाळाटाळ असते. टाळल्यावर क्षणभर जे हायसे वाटते तेच भीतीला खतपाणी घालते, कारण टाळले की सुटका होते हा धडा मनात पक्का बसतो आणि पुढचा फोन आणखी जड होतो.

यावरचा उपाय मानसोपचाराच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) तरुणपणी अनोळखी स्त्रियांशी बोलायला विलक्षण घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला नेम घालून दिला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधील वनस्पती उद्यानात महिनाभर जायचे आणि बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसून मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. काही जणी उठून गेल्या. सुमारे शंभर जणींशी त्यांचे बोलणे झाले. पुन्हा भेटायचे एकीने कबूल केले, तीही आली नाही. विक्रीच्या हिशेबात हा निकाल शून्य म्हणावा लागेल. एलिसना मात्र कळले की नकाराने काहीही भयंकर घडत नाही, आणि त्यांची भीती ओसरली. नकार मिळू नये असे वाटणे साहजिक आहे. ‘मिळताच कामा नये’ हा हट्ट माणसाला लुळा करतो, असे त्यांनी पुढे मांडले. फोनची भीतीही अशीच, फोन करूनच जाते. भाषणे ऐकून आलेला उत्साह पहिल्या आपटलेल्या फोनपर्यंतही टिकत नाही.

म्हणून नवख्याचे टार्गेट विक्रीत न मोजता लावलेल्या फोनांत मोजावे. किती फोन लावायचे हे त्याच्या हातात असते, होकार नसतो. रोजची वेळ ठरलेली असावी आणि फोन एकामागून एक लागावेत. कुणी वाईट बोलले तर त्यानंतरचा फोन चहाला उठण्याआधी व्हावा. मोठे गिऱ्हाईक पहिल्या दिवशी घेऊ नये. टीम लीडरने सगळ्यांसमोर आकडे वाचून लाज काढण्यापेक्षा शेजारी बसून स्वतः दोन-चार फोन लावून दाखवावेत. त्यालाही नकार मिळतो हे पाहिल्याने जो धीर येतो तो कुठल्याही प्रशिक्षणवर्गात येत नाही.

प्रत्यक्ष फोनमध्ये पहिले अर्धे मिनिट निर्णायक असते. पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारा एखादा छोटा उत्पादक चाकणच्या कारखान्यात परचेसच्या साहेबांना फोन करतो, असे समजू. ‘सर, कसे आहात? एक मस्त ऑफर आहे’ अशी सुरुवात केली की पलीकडचा फोन ठेवायच्या तयारीला लागतो. त्यापेक्षा, ‘नमस्कार सर, आपली ओळख नाही. आम्ही भोसरीला पॅकिंगचे बॉक्स बनवतो. पावसाळ्यात तुमचे बॉक्स मऊ पडतात का, एवढंच विचारायचं होतं.’ दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद खरोखरच कमी होते आणि खाली रचलेले बॉक्स दबतात. परचेसवाल्याने त्याबद्दल स्टोअरची बोलणी खाल्लेली असण्याचा संभव असतो. प्रश्न त्याच्या कामातला असल्याने तो उत्तर देतो. ‘आमचा व्हेंडर ठरलेला आहे’ म्हणाला तर वाद घालू नये; नमुन्याचे दोन बॉक्स पाठवू का, एवढे विचारावे. ‘मेल टाका’ हा बहुधा सभ्य नकार असतो. मेल जरूर टाकावा, पण पुन्हा फोन कधी करू तेही तिथेच विचारून घ्यावे. दुसऱ्यांदा स्पष्ट ‘नको’ आले की नाव यादीतून काढावे.

लोकांच्या चिडीला सबळ कारण आहे, हेही विक्रेत्याने मान्य केले पाहिजे. अमेरिकेत विक्रीचे फोन नको असणाऱ्यांसाठी २००३ पासून ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आहे. जर्मनीत पूर्वसंमतीशिवाय ग्राहकाला जाहिरातीचा फोन करणे बेकायदा आहे. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे (ट्राय) २०१८ चे विनियम लागू आहेत. ज्याला असे फोन नको असतील त्याला १९०९ या क्रमांकावर डीएनडीची (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे ‘त्रास देऊ नका’) नोंद करता येते, तक्रारही तिथेच करता येते. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवलेली आहे. नोंदणी न करता साध्या नंबरांवरून असे फोन करणाऱ्यांची सर्व जोडणी तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकावे, असा आदेश ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये दूरसंचार कंपन्यांना दिला. डीएनडीतले नंबर आधीच गाळलेली यादी हाती असली की कायदा पाळायला मदत होते, आणि ऐकाव्या लागणाऱ्या शिव्याही कमी होतात.