समुद्र पाय धरून खाली ओढत नाही

"समुद्र पाय धरून तळाला ओढतो," हे सोलापुरात मी लहानपणापासून ऐकतोय. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या माणसांना ते पटतंही. पण ते खरं नाही. फुटणाऱ्या लाटा किनाऱ्याशी पाणी साचवतात. ते पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यातल्या खोलगट वाटेने जोरात परत जातं. हा प्रवाह माणसाला खाली नव्हे, आत समुद्राकडे नेतो. अमेरिकी सागरी भूशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ मध्येच हा फरक मांडला होता.

घात होतो तो वेगळाच. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून गणपतीपुळ्याला गेलेलं कुटुंब नेमकी तीच 'शांत' जागा निवडतं. अडकलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, त्यातच दम संपतो. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहा.