अपील चालू असताना डॉक्टरची नोंदणी: एका रिकाम्या जागेचा इतिहास

राज्याच्या वैद्यक परिषदेने एखाद्या डॉक्टरचे नाव तीन महिन्यांसाठी नोंदवहीतून कमी केले, म्हणजे तेवढा काळ त्याची प्रॅक्टिस बंद केली, तर त्याविरुद्ध अपील करायला त्याच्याकडे साठ दिवस असतात. त्याने शेवटच्या दिवशी अपील टाकले, तर शिक्षेचे दोन महिने तोवर भोगून झालेले असतात. उरलेल्या तीस दिवसांत दिल्लीत सुनावणी होऊन निकाल लागेल, अशी आशा त्याचा वकीलही धरत नाही. उलट पहिल्याच आठवड्यात स्थगिती हाती आली, तर तीच तीन महिन्यांची शिक्षा वर्षानुवर्षे कागदावर पडून राहू शकते. यातले काय घडेल हे चूक किती गंभीर होती यावर ठरत नाही, स्थगिती मिळाली की नाही यावर ठरते. आणि स्थगितीबद्दल आपला केंद्रीय वैद्यक कायदा गप्प आहे.

हे गप्प राहणे जुने आहे. नोंदवही ठेवायची आणि गैरवर्तन केले तर तिच्यातून नाव काढायचे, ही पद्धत ब्रिटनच्या १८५८ च्या कायद्यातून आली. त्या कायद्यात तिथल्या वैद्यक परिषदेच्या निर्णयावर अपीलच नव्हते. डॉ. थॉमस ॲलिन्सन यांचे नाव १८९२ मध्ये काढले गेले. ते कोर्टात गेले, पण १८९४ मध्ये तिथेही हरले. परिषदेपुढे पुरेसा पुरावा होता एवढे दिसले की कोर्ट पुढे हात घालत नसे. (गव्हाच्या कोंड्यासकट पिठाचा पुरस्कार करणारे हेच ॲलिन्सन. वैद्यकीने त्यांना बाहेर काढले, पण त्यांच्या नावाचे पीठ ब्रिटनमध्ये आजही विकले जाते.) अपिलाचा खरा हक्क तिथल्या डॉक्टरांना मिळाला तो १९५० च्या कायद्याने, प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायमंडळाकडे.

आपल्याकडे सुरुवात मुंबईने केली, १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने. बंगाल आणि मद्रास दोन वर्षांनी आले. अखिल भारतीय परिषद व्हायला १९३३ चा कायदा लागला, आणि १९५६ च्या कायद्याने तिला आजच्या पिढीला माहीत असलेले रूप दिले. या १९५६ च्या कायद्याचे कलम २४ आपल्या विषयाचे. राज्याच्या नोंदवहीतून नाव गेले की भारतीय नोंदवहीतूनही जाणार, आणि डॉक्टरने अपील करायचे ते थेट केंद्र सरकारकडे. सरकारने परिषदेचा सल्ला घेऊन निर्णय द्यायचा. म्हणजे मंत्रालयातली फाईल. ती फिरेपर्यंत डॉक्टरने दवाखाना उघडायचा की कुलूप लावायचे, याचा त्या कलमात उल्लेखही नाही.

हे सुचले नसेल असे म्हणावे, तर पाचच वर्षांनी वकिलांसाठी केलेल्या कायद्यात ते स्वच्छ लिहिलेले आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचे कलम ४० सांगते की केवळ अपील केल्याने आदेश थांबत नाही, पण पुरेसे कारण असेल तर अपील ऐकणारी समिती किंवा सर्वोच्च न्यायालय तो थांबवू शकते. दोन ओळींचे काम होते. वकिलांच्या वाट्याला त्या ओळी आल्या, डॉक्टरांच्या वाट्याला आल्या नाहीत.

मग डॉक्टरांच्या अपिलात स्थगिती मागायची ती कोणत्या आधारावर? तो आधार चक्क आयकराच्या एका खटल्यातून आला. कुन्ही प्रकरणात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याला अपील ऐकण्याचा अधिकार दिला आहे, त्याला मधल्या काळात स्थगिती देण्याचा अधिकारही त्यातच आला, कायद्यात तसे शब्द असोत वा नसोत. वैद्यक अपिलात स्थगितीचा मुद्दा निघाला की शेवटी याच तत्त्वाकडे यावे लागते. नाहीतर उच्च न्यायालयात रिट याचिका आहेच. पण तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: अपिलाची सोय असताना इकडे का आलात?

महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्याने मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्याचे वेगवेगळे कायदे एकत्र आणले आणि आजची महाराष्ट्र वैद्यक परिषद उभी राहिली. केंद्रीय पातळीवरचा पुढचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे २००२ ची वर्तणूक नियमावली. तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत द्या, असे तिच्यात आहे. हा नियम किती पाळला जातो ते तक्रारदारांना विचारावे. तक्रार चालू असताना वादातली प्रक्रिया किंवा प्रॅक्टिस करायला परिषद मनाई करू शकते, असेही त्यात आहे. गंमत पाहा, दोष सिद्ध होण्याआधीच्या काळासाठी नियम आहे, पण दोष सिद्ध झाल्यावर अपिलाच्या काळासाठी नाही.

२००४ मध्ये नियमावलीला जोड मिळाली: निर्णयाने नाराज झालेली ‘कोणतीही व्यक्ती’ साठ दिवसांत भारतीय परिषदेकडे अपील करू शकेल, आणि सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळतील. यामुळे रुग्णाच्या नातेवाइकांनाही पहिल्यांदा दार उघडले. ते फार काळ उघडे राहिले नाही. भारतीय परिषद आधी २०१० मध्ये आणि मग २०१८ मध्ये बरखास्त झाली. २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. आयोगाच्या कायद्यातले कलम ३० पहिले अपील नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे आणि दुसरे साठ दिवसांत आयोगाकडे नेते, पण अपिलाचा हक्क देते तो फक्त डॉक्टरला. त्याच्या आधारे रुग्णांची अपिले परत पाठवली गेली आणि त्यावरून बराच वाद झाला. स्थगितीबद्दल मात्र कलम ३० मध्येही काही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली निघाली, पण डॉक्टरांनी ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे मूळ नावाने औषधे लिहावीत या सक्तीवरून गदारोळ होऊन तीन आठवड्यांत स्थगित झाली, आणि २००२ चीच पुन्हा लागू झाली. नियमावलीला स्थगिती मिळाली ती अशी झटपट!

एका बाबतीत मात्र कायद्याने हात आखडता घेतलेला नाही, आणि महाराष्ट्राला ती बाब चांगली ठाऊक आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनंतर केवळ आरोप निश्चित झाले की नोंदणी निलंबित करण्यासाठी डॉक्टरचे नाव परिषदेला कळवले जाते, आणि ते निलंबन खटला संपेपर्यंत चालू शकते. पहिल्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास नाव पाच वर्षांसाठी जाते, पुन्हा ठरल्यास कायमचे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याला आव्हान दिले, पण मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. दुसऱ्याच महिन्यात परळीच्या डॉक्टर दाम्पत्याला बेकायदा गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाल्याप्रकरणी बीडच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. त्यातला पती जामिनावर बाहेर असताना, २०२० मध्ये, पुन्हा रुग्ण तपासताना सापडला. शिक्षेविरुद्धच्या अपिलात जामीन मिळतो तेव्हा थांबते ती शिक्षेची अंमलबजावणी. दोषी ठरवणारा निकाल उभाच असतो आणि नोंदणी आपोआप परत येत नाही. बाहेर आलो म्हणजे प्रॅक्टिसही सुरू, असा समज कायद्याला मान्य नाही.

ब्रिटनने दरम्यान वेगळी वाट धरली. तिथे नाव काढण्याचा आदेश नोटिशीनंतर २८ दिवसांनी लागू होतो, आणि त्या मुदतीत अपील झाले तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत लागूच होत नाही. रुग्णांना धोका वाटला तर न्यायाधिकरण त्याच दिवशी ‘तात्काळ निलंबन’ वेगळे देऊ शकते. तिथे काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांना हा फरक ठाऊक असतो. इथे गणित उलटे आहे: आदेश आधी लागू, थांबवायचा असेल तर धावाधाव डॉक्टरची.

धावाधाव फळली नाही तर अर्थ सरळ आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर, पावतीवर सगळीकडे लागतो. अपील पडून असले तरी तो क्रमांक वापरून औषध लिहिणे म्हणजे नोंदणीविना प्रॅक्टिस, आणि त्याला आयोगाच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. पुढे अपील जिंकले तर नाव निष्कलंक होते, गेलेले महिने मात्र भरून मिळत नाहीत. नाव कमी झाल्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रांत ठळक द्यावी, असे नियमावलीचे कलम ८.२ सांगते. स्थगिती मिळाल्याची किंवा अपील जिंकल्याची बातमी द्यावी, असे सांगणारे कलम नियमावलीच्या त्या भागात नाही.