नक्षीदार मातीच्या फरश्या, विदर्भातील

माती सपाट थापून, तिच्यावर ठसा, कोरीवकाम, रंगीत मातीचे अस्तर किंवा झिलई (काचेसारखा चकचकीत थर) यांनी नक्षी करून, भाजून तयार केलेल्या आणि भिंत, ओटा, चौकट किंवा तुळशीवृंदावन यांवर बसवायच्या फरश्या. विदर्भाच्या खेड्यांत कुंभारकामाची मूळ घडण भांड्यांची आणि कवेलूंची (छपरावरच्या कौलांची) आहे. भिंतीला मातीचा गिलावा करून ती पोतारण्याची (सारवण्याची) रीत असल्यामुळे फरशीला तिथे जागाच नव्हती. मृत्तिका कलावंत हे काम खेड्यात नव्याने करू लागतो, तेव्हा त्याला स्थानिक मातीच्या स्वभावापासूनच सुरुवात करावी लागते.

नक्षी मात्र या प्रदेशाला नवी नाही. नागपूर परिसरातील माहूरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा येथील महापाषाणयुगीन शिळावर्तुळांत (दफनाच्या जागेभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांत) काळ्या-तांबड्या भांड्यांबरोबर तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी काढलेली भांडीही सापडली आहेत. अक्षय्य तृतीयेची करा-केळी, लग्नातली रंगवलेली मडकी आणि भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पूजल्या जाणाऱ्या भुलाबाई-भुलोजीच्या मूर्ती यांतून कुंभाराचा हात रेघ आणि ठिपका यांना सरावलेला असतो. कवेलूचेही तसेच आहे. चाकावर नळकांडे ओढून, ते थोडे सुकल्यावर उभे चिरून दोन कवेलू होतात, आणि ओढताना पडलेल्या बोटांच्या रेघा त्यांच्या पाठीवर कायम राहतात. ही रेघ कोणी सजावट म्हणून काढलेली नसते, तरी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरलेल्या छपराकडे पाहिले की एकाच आकाराच्या पुनरावृत्तीतून नक्षी कशी उभी राहते, हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. टिनपत्रे आणि स्लॅब आल्यापासून कवेलूची मागणी आटली आहे. फरशी हे त्याच हातांना मिळू शकणारे दुसरे काम आहे.

खरी अडचण मातीची. कापसाची काळी माती पाणी घेऊन फुगते आणि सुकताना फार आक्रसते, म्हणून तिची सपाट फरशी हमखास तडकते. तिच्यात चुनखडीचे बारीक खडेही असतात. भट्टीत सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला त्यांचा कळीचा चुना होतो, आणि भाजलेली फरशी काही दिवस हवेत राहिली की हा चुना दमटपणा शोषून फुगतो. वरचा पापुद्रा उडतो आणि नक्षीच्या मधोमध पांढरा खड्डा पडतो. म्हणून माती पाण्यात कालवून, बारीक चाळणीतून गाळून, निवळून घ्यावी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली भागातल्या मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या) तलावांच्या तळचा गाळ या कामाला पुष्कळ बरा पडतो, कारण निवळण्याचे अर्धे काम तलावाने केलेलेच असते. या गाळात वाळू किंवा भाजलेल्या खापरांची भुकटी मिसळली की आक्रसणे कमी होते. चंद्रपूर जिल्ह्यात अग्निसह मातीचेही साठे आहेत. तिथल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला आधुनिक मृत्तिका उद्योगाची जोड दिली. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर पाणीसुद्धा जपून निवडावे लागते. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने मळलेल्या मातीतले क्षार सुकताना पृष्ठभागावर येतात आणि भाजल्यावर तांबड्या रंगावर पांढुरकी साय धरतात. तिथे साठवलेले पावसाचे पाणीच वापरणे श्रेयस्कर.

एकूण १० टक्के आक्रसणाऱ्या मातीची १५ सेंटिमीटरची फरशी हवी असेल, तर ओली फरशी सुमारे १६.७ सेंटिमीटरची कापावी लागते आणि ठशावरची नक्षीही त्याच प्रमाणात मोठी कोरावी लागते. ठसा सागवानी लाकडाचा किंवा भाजलेल्या मातीचा असतो. माती हाताला चिकटेनाशी झाली, पण नखाने दाबली तर खूण उमटते, ही ठसा मारण्याची वेळ. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही वेळ फार थोडी टिकते. वैशाखातल्या झळीने कडा आधी सुकून वर उचलल्या जातात. त्यामुळे फरश्या घरात, ओल्या बारदानाखाली, दोन फळ्यांमध्ये ठेवून रोज उलटतात. या कामात घाई केलेली फरशी भट्टीतून सरळ निघत नाही.

नक्षीची रचना एका फरशीत पुरी होत नाही, ती शेजारच्या फरशीशी जुळताना पुरी होते. म्हणून कलावंत मधल्या फुलापेक्षा कडांचा विचार आधी करतो: रेघ प्रत्येक कडेच्या नेमक्या मध्यावर पोचली, तर फरशी कशीही फिरवली तरी ती पुढे चालू राहते. कर्णावर दोन रंगांत विभागलेला साधा चौकोन चार प्रकारे ठेवता येतो, त्यामुळे अशा चार फरश्यांच्या चौकाच्या २५६ मांडण्या होतात. फ्रान्समधील सेबास्तियां त्रुशे यांनी १७०४ मध्ये अशाच फरश्यांच्या मांडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. तिच्या ठिपक्यांच्या जाळ्यावर आखलेल्या फरश्या खेड्यातल्या घरावर परक्या वाटत नाहीत, आणि बाहेरच्या नमुनापुस्तकातून उचललेल्या वेलबुट्टीपेक्षा त्या कितीतरी अधिक शोभतात.

रंगांचा साठाही जवळच आहे. लोहयुक्त माती आणि गेरू तांबडा रंग देतात, पांढरी माती अस्तराला चालते, आणि नागपूर-भंडारा पट्ट्यातील मनसर, डोंगरी बुजुर्ग येथील खाणींत निघणाऱ्या मँगनीजच्या धातुकापासून तपकिरी ते काळा रंग मिळतो. निळ्यासाठी लागणारे कोबाल्ट बाहेरून विकत आणावे लागते. तांबडा, पांढरा आणि काळा या तिघांत राहूनच इथली फरशी सर्वांत चांगली उमटते. झिलई देण्यासाठी १,००० ते १,१०० अंशांची दुसरी आच लागते. शिशाची झिलई कमी आचेवर वितळते आणि सुंदर चकाकते, परंतु शिसे कारागिराच्या शरीरात साठते, म्हणून ती वापरूच नये.

गोवऱ्या आणि तणसाच्या उघड्या आव्यात (कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत) आच सारखी लागत नाही; मडक्याला ती चालते, पण फरशी वाकते. त्यासाठी विटांची बांधीव भट्टी करून फरश्या कडेवर उभ्या रचतात. पहिले काही तास आच अगदी मंद ठेवतात, कारण उरलेल्या ओलीची वाफ कोंडली तर फरशी फुटते. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतील गारेचे (क्वार्ट्झचे) कण एकदम प्रसरण पावतात, तोही टप्पा सावकाश ओलांडावा लागतो, आणि भट्टी निवताना पुन्हा तीच काळजी घ्यावी लागते. चुनखडीची शंका असलेल्या फरश्या भट्टीतून काढताच पाण्यात बुडवतात, म्हणजे चुना तिथेच विरतो आणि पुढे हवेत फुगत नाही. बसवण्यापूर्वी सगळ्या फरश्या जमिनीवर मांडून आचेमुळे पडलेल्या छटा पाहतात, गडद आणि फिकट तुकडे एकमेकांत मिसळतात, आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटऐवजी चुन्याच्या गाऱ्यात त्या बसवतात, म्हणजे भिंतीतील ओल फरशीमागे अडकत नाही.